आधी बॅटरी, मग पॅनेल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सहाच अंगांनी; उरलेली दोन पोचली असं समज). तुझी तब्येत बरी असेलच. झोपताना नाकाला लावायचं ते श्वासाचं यंत्र अजून घरघरतंय ना? माझंही ठीक आहे. म्हणजे तक्रार करायची तर ऐकायला कोणी नाही, म्हणून ठीक.

पत्रास कारण माझी गाडी. जिच्यात पलंग, शेगडी आणि बेसिन आहे आणि जिला तू 'चाकांवरची मोरी' म्हणालीस, तीच. तिच्या टपावर मी सोलर पॅनेल बसवलं. आता पॅनेलची वीज थेट बॅटरीत सोडली तर बॅटरीचं वाटोळं होतं, म्हणून मध्ये कंट्रोलर लागतो. आई आपल्याला औषध चमच्याने मोजून पाजायची ना, तेवढंच त्याचं काम. दुकानात दोन प्रकार निघाले, एक साधा आणि एक हुशार. हुशार म्हणे ढगाळ दिवशीही पॅनेलमधून असेल नसेल ती वीज पिळून काढतो. मी अर्थात साधा घेतला आणि (मी प्रत्येक काम शेपटाकडून सुरू करतो हे तू म्हणतेसच) बॅटरीच्या आधी पॅनेल जोडलं. फुस्स झालं, कंट्रोलर जळून धूर निघाला. शेजारचा न्हावी बादली घेऊन धावत आला आणि गाडी सोडून मला भिजवून गेला.

दुकानदार म्हणाला, "काका, आधी बॅटरी, मग पॅनेल. पुस्तिका वाचली नाही का?" वाचली होती, धुरानंतर. मग त्याने गाडीत काय काय चालवणार याची यादी मागितली. दिवा एक, पंखा एक, फोन एक. ती एकेकाची यादी वाचून दाखवताना मला कसंतरीच झालं. त्यानंतर मी सहा वेळा दुकानात गेलो. कोणता घ्यायचा हे दुसऱ्याच फेरीत कळलं होतं, ताई. पण तो माणूस विचारतो, किती वाजता उठता, वाचत झोपता का, पंखा जोरात लागतो की हळू. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून हे मला कोणी विचारलेलं नाही. तीस वर्षं मी लोकांची मापं घेतली; माझं माप कोणी घेतंय याचं बरं वाटलं. हल्ली मला पाहिलं की तो माळ्यावर चढतो.

शेवटी हुशार घेतला, तोही मोठा. एका माणसाला एवढा कशाला, असं तो आधी तीनदा म्हणाला.

तुझा,
भिजलेला भाऊ

ता. क. तुझ्या यंत्राच्या पोटाखाली एक पट्टी चिकटवलेली असेल, तिच्यावर अँपिअरचा आकडा असतो. तो कळव. सहज विचारतोय.

ता. क. दुसरा. आकडा सापडला नाही तरी चालेल. "गाडीत माझं यंत्र कुठे लावणार?" म्हणून तू फिरायला येत नाहीस, हे दुकानदाराला सांगूनच मोठा घेतला. पलंगाच्या उशाशी तुझ्यासाठी प्लग बसवलाय.

ता. क. तिसरा. गेल्या वेळी तू राहायला आलीस तेव्हा तुझ्या घरघरीने झोप लागत नाही म्हणून मी कुरकुर केली होती. तू गेल्यावर लागली नाही, ते सांगायचं राहिलं.