संतपूरच्या तिळाचा नमुना

गुलबर्गा,
ता. ६ सप्टेंबर १९८७

ती. चन्नव्वाक्कास शरणप्पाचा शरणु शरणार्थी नमस्कार.

आज रविवार, मिलला सुट्टी, म्हणून निवांत लिहितो आहे. निवांत हा शब्द उगीच लिहिला. इकडे सगळे ठीक. तुझी भावजय शिवम्मा तुझ्या हातच्या शेंगाच्या चटणीची रोज आठवण काढते, माझ्या हातच्या कशाचीच काढत नाही. तुझा गुडघा कसा आहे? औरादच्या डॉक्टरकडे गेली नसशीलच.

एक काम होतं. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, चौदा तारखेला, एक परदेशी साहेब आमच्याबरोबर संतपूरला येणार आहे. त्याला तुझं शेत पाहायचं आहे. जेवणाखाण्याची काही तयारी नको. त्याने विचारलं, तर आमच्या शिवारात कुणीच पावडर मारत नाही, एवढं म्हण. एवढंच.

एवढंच नाही, अक्का. आधीची दोन पत्रं मी याच ओळीवर फाडली.

त्या साहेबाच्या देशाने नवा नियम केला आहे. किडीची पावडर न मारलेल्या शेतातले तीळ असतील, तर त्यावर जकात माफ. पावडर सापडली, तर माल बंदरातूनच परत. ऐकलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आपल्या मातीची, आपल्या विहिरींची काळजी इतक्या लांब का होईना, कुणाला तरी वाटली. आमच्या मिलच्या धन्यांनी, अमृतप्पांनी, त्या फायद्यातलं थोडं शेतकऱ्याच्या पदरात टाकलं असतं, तर निम्म्या तालुक्याने पावडर सोडली असती. तुझ्याच गावचे चौघे जण मिलमध्ये येऊन मला तसं विचारून गेले.

ते झालं नाही, त्याला कारण मी. पोत्यांतून नमुने काढून तपासायला पाठवायचं काम माझं. पहिल्या नमुन्यात पावडर निघाली आणि अमृतप्पा डोक्याला हात लावून बसले. त्याच आठवड्यात तुझी संक्रांतीची पिशवी आली. घरच्या शेतातले, निवडून, उन्हात वाळवून भावाला दरवर्षी पाठवतेस ते तीळ. त्यातल्या दोन ओंजळी मी मिलचा नमुना म्हणून धाडल्या. कुणी सांगितलं नव्हतं, ही अक्कल माझीच. तुझ्या दोन ओंजळींच्या नावावर तीनशे पोती जहाजात चढली. त्या चौघांना अमृतप्पांनी सांगून टाकलं, की मारा पावडर, काही बिघडत नाही.

कागदावर शेतकऱ्याचं नाव लिहायचं होतं. तिथे खोटं लिहवेना, म्हणून तुझं लिहिलं. चोरी करताना तेवढा एक खरेपणा केला आणि त्यानेच मी सापडलो. नमुना इतका स्वच्छ निघाला, की साहेबाला ते शेत डोळ्यांनी बघायचं आहे.

कबूल करावं, तर सही माझी. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. गप्प बसावं, तर पुढच्या संक्रांतीला पुन्हा तुझीच पिशवी आणि माझीच सही. दोन्हीकडून दार बंद आहे. मी अमृतप्पांना म्हटलं, अक्का खोटं बोलायची नाही. ते हसले.

“ती काय बी बोलू दे. इंग्रजी तर तूच करणार हैस.”

साहेबाचा दुभाषी मी आहे, अक्का.

तू पावडर का सोडलीस, हे मला माहीत नाही का? दाजी फडक्यात बांधून पावडर झटकत होते आणि दिवस मावळायच्या आत बांधावर कोसळले. पावडरीचं ते पोतं मीच मिलच्या दुकानातून आणून दिलं होतं. मातीच्या दिवशी मी रडत होतो, तर उलट तूच मला जवळ घेतलंस. म्हणालीस, “तू कामून रडायलास? त्येंची येळ भरली व्हती.” सात वर्षं मी त्या बोलण्याच्या आडोशाला बसून आहे.

पोत्यावर लिहिलेलं होतं. तोंडाला फडकं बांधा, वारा तोंडावर येईल असे उभे राहू नका. इंग्रजीत होतं. त्या दिवशी शेतात ते वाचता येणारा मी एकटाच होतो, आणि मी वाचलं होतं. मला परतीची बस गाठायची होती. शिवाय दाजी हसतील, असं वाटलं. मी सांगितलं नाही.

सोमवारी पुन्हा इंग्रजी येणारा मी एकटाच असेन. म्हणून वर मागितलेलं खोटं विसरून जा. साहेबाला खरं काय ते सांग. आणि शाळेत इंग्रजी शिकवणारे माणिकराव मास्तर आहेत ना, त्यांना त्या दिवशी शेतात बोलावून घे. तुझं बोलणं मी साहेबाला कसं सांगतो, ते त्यांनी कान देऊन ऐकावं. मी शब्द फिरवला, तर सगळ्यांदेखत मला थांबवावं. ऐनवेळी मी काय करीन, याचा मला भरवसा नाही.

हे सगळं वाचल्यावर तू म्हणू दिलंस तरच तुझा भाऊ,
शरणप्पा