आतोबांचा कॉम्प्युटर

२ जून

आले बाई एकदाची! आत्याने दारातच चिमणीला उचलून घेतलं आणि मला, वाळून खारीक झालीस, म्हणून झापलं. वरची खोली आम्हा मायलेकींची. दोन खिडक्या, कपाटाला कुलूप, खाली शिंप्याचं दुकान. आत्या हल्लीच इथे राहायला आली, त्यामुळे हा पत्ता माझ्या सासरी कुणालाच ठाऊक नाही. टेबलावर आतोबांचा कॉम्प्युटर. ते गेले, पण आत्याने त्यावर विणलेलं झाकण अजून घालून ठेवलंय. रोजनिशी त्यावरच लिहितेय, कारण मनगट मोडल्यापासून पेन धरवत नाही. महाराजांची कृपा! नवऱ्याला हे नाव मी आत्ताच ठेवलं, इथेच, आणि एकटीच खो खो हसले. त्याने पुन्हा गाठायला नको, एवढंच मागणं आहे. आत्याचं हृदय नाजूक, म्हणून तिला जिन्यावरून पडले असं सांगितलंय.

६ जून

चिमणीला पाण्याच्या टाकीमागच्या शाळेत घातलं. बाईंनी फोन नंबर मागितला. माझा नवा नंबर मलाच पाठ नव्हता, मग आत्याचा दिला.

कॉम्प्युटर मात्र डोकं खातोय. रडतखडत चालू होतो, मध्येच भलत्याच खिडक्या उघडतो, बक्षीस लागलं म्हणून नाचतो. आत्या दिसेल तिथे बोट दाबत आलीय, दुसरं काय होणार!

९ जून

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. आधी नेट काढा, मग सफाई, आणि पासवर्ड शेवटी बदला, तेही दुसऱ्या यंत्रावरून, असं त्याने बजावलं. आणि मी अतिशहाणी! बँक, मेल, सगळ्यांचे पासवर्ड सकाळीच याच कीबोर्डवर बदलून मोकळी झाले होते. चोर आत असताना बाहेरून कुलूप लावलंत की, म्हणून तो दात काढत हसला. हस मेल्या. दुपारभर खपून नको ते सगळं उपटून काढलं. आता लख्ख.

१२ जून

लख्ख कसलं! एक प्रोग्राम काही केल्या जात नाही. पुसलं, बंद करून चालू केलं, की परत हजर. कॅमेऱ्याचा दिवाही आपोआप लागतो. चिकटपट्टी लावलीय. तरी पाठ करून बसवत नाही.

१३ जून. कागदावर, डाव्या हाताने.

चिमणीला शाळेत पोचवून आले तर मेल. एकच ओळ. महाराज म्हणतेस होय मला?

हा शब्द मी कुणापाशी बोलले नाही. फक्त त्या रोजनिशीत —

वायर उपटली. आत्याला विचारलं, काय काय उघडलंस? जावयाने चिमणीचा फोटो पाठवला होता म्हणे मेलवर, सगळ्या नातेवाइकांना. उघडला, पण दिसलाच नाही. किती गोड लिहिलं होतं गं, जावयाचं मन कसं मोडायचं, म्हणाली आणि खाली गेली. तिला खरं काय ते सांगायचंय. आधी शाळा.

त्याने सगळं वाचलंय. शिंपी. टाकी. शाळा —

शाळेचा फोन एंगेज.

मेल कालचा आहे. म्हणजे तो कालच निघून —

परत एंगेज. अहो उचला ना कुणीतरी!

खाली आत्याचा फोन वाजला. बोला बाई, म्हणतेय. हसतेय. अगं बाई, हो हो, बाबाच तिचे, सोडा की बिनधास्त, आमचे जाव—