धनेशीण बाहेर येईपर्यंत

३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. चित्रकाराने लिहायलाच हवी, उशीर झाला एवढंच. हायस्कुलात चित्रकला शिकवणारा एक माणूस बिनपगारी रजा काढून मुलांच्या पुस्तकांना वाहून घेतो, याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. रजा जूनच्या मध्यात संपते. तोवर एका पुस्तकाची चित्रं पुरी झाली तर राजीनामा, नाहीतर मुकाट्याने शाळेत, असं बायकोशी, उर्वीशी, ठरलंय. दुसऱ्या शक्यतेचा मी विचारच करत नाही.
पुस्तक धनेश पक्ष्यावर आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते, एक फट ठेवते. नर बाहेरून फळं भरवतो. शेवटच्या पानावर ती दार फोडून बाहेर येते. संपादक पुण्याच्या शमिका. बारा चित्रं, मुदत मेअखेर. म्हणजे वेळच वेळ.

७ एप्रिल
कागद कापले. पेन्सिली तासल्या. ब्रश धुतले (स्वच्छच होते). दमलो.
निर्णय: पहिलं चित्र आईचं, म्हणजे ढोलीतल्या मादीचं. आई जमली की बाकीची हातासरशी होतील. नेटवरचे फोटो बघून काढणार नाही. ती नक्कल झाली.

९ एप्रिल
पाली गावाच्या अलीकडे ओळखीच्या लवूच्या बागेत बेहड्याच्या झाडावर धनेशाचं घरटं आहे. स्कूटरने गेलो. धनेशीणबाई आधीच आत. फटीतून चोचीचं टोक तेवढं दिसतं. हरकत नाही. ती बाहेर येईल, मी बघेन, मग काढेन. चेहरा न बघता आई काढणं मला जमणार नाही.

१५ एप्रिल
रोज झाडाखाली. नर येतो, घशातून एकेक उंबर काढून भरवतो. चित्र एकही नाही, पण डोकं भरलंय.
लवू म्हणाला, काय वो मास्तर, अजून हतंच? तोवर झाड तरी काढा की. मी हसलो. प्रोसेस म्हणजे काय हे याला कुठून समजावणार.

२२ एप्रिल
शमिकांचा मेसेज: रफ स्केचेस कधी? ब्रश आणि रंगांच्या डबीचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. इंप्रेस झालेल्या दिसतात.

४ मे
परत मेसेज. मग झाडाच्या खोडाचं पेन्सिल स्केच पाठवलं. लगेच फोन. खोड छान आहे म्हणाल्या, पण आई कुठाय? म्हटलं, आत आहे.

६ मे
उर्वीने विचारलं, किती झाली? म्हटलं, सगळी एकदम होतील. ती म्हणाली, ऑफिसात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय हो, नवऱ्याचं पुस्तक येतंय म्हणून. कशाला सांगायचं? माणसावर प्रेशर येतं.

१३ मे
शमिकांना सांगितलं, चित्रं रंगवून झाली, वाळतायत. रत्नागिरीची हवा दमट, त्याला मी काय करणार? हवेबद्दल तरी खरंच बोललो.

१९ मे
शमिका म्हणाल्या, आमच्याकडे नम्रता म्हणून एक नवी मुलगी आहे, चांगलं काढते. फार होत असेल तर मदत करेल. गरज नाही म्हटलं. आवाज ठाम ठेवला. जेवण गेलं नाही.
निश्चय: उद्या चित्र. पक्षी बाहेर येवो न येवो.

२० मे
बसलो. डोळा काढला. खोडला. परत काढला. कागदाला केस आले. डोळ्याभोवतीची कातडी पांढरी की निळसर? बघितल्याशिवाय पुढे जाणं बेजबाबदारपणाचं. बागेत गेलो.

२६ मे
परवा अकरा वाजता व्हिडिओ कॉल. सगळी चित्रं भिंतीला लावून दाखवा म्हणाल्या. नम्रताही असेल.
त्यात झाडाखाली बसावं तर वरून सारखे मातीचे खडे पडतात. डोक्यावर, वहीवर. उद्यापासून टोपी.

२७ मे
प्लॅन तयार. कॉलच्या वेळी झाडाखाली असायचं. तिथे रेंज नसते. फिल्डवर होतो म्हणून सांगायचं. दोन दिवस मिळतील. दोन दिवसांत बारा सहज.

२८ मे, सकाळी साडेदहा
पोचलो. रेंज नाही. देव आहे.
खडे आज जास्तच. टोपीचा उपयोग होतोय.

२८ मे, दुपार
रेंज आली. लवू म्हणतो, पलीकडं नवा टावर आत्ताच चालू झालाय. फोन वाजला, बोटाने उचललाही गेला.
झाडाकडे पाठ करून मोबाइल समोर धरला. म्हटलं, चित्रं घरी वाळतायत, शेवटचा अभ्यास चाललाय. मग आई कशी दिसते ते सांगायला लागलो. डोळा, चोच, ऐट. रंगात आलो होतो. मध्येच नम्रता किंचाळली. शमिका ओरडल्या, भास्कर सर, मागे बघा, ती बाहेर येतेय! मला वाटलं, माझं बोलणं तोडायला बघतायत. म्हटलं, आधी माझं पुरतं ऐका.
वळलो तेव्हा ढोलीचं दार फुटलेलं आणि आत कोणी नाही. पुण्यात बसून दोघींनी बघितली. लवूने बघितली. नम्रताने स्क्रीनशॉट काढला.
मग शमिकांनी हळूच विचारलं, सर, चित्रं आहेत ना? मी स्क्रीनवरच्या रेंजच्या दांड्या मोजल्या. रेंज अगदी छान होती.

२९ मे
पुस्तक नम्रताकडे गेलं.
उर्वीला सांगितलं. भांडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, शाळेचे शर्ट काढा, इस्त्रीला टाकते. न्हाणीघरात जाऊन रडलो. आज हवेला दोष द्यायचंही सुचलं नाही.

१६ जून
शाळेत हजर. शिकवणं हीसुद्धा निर्मितीच. शिवाय पुढच्या एप्रिलमध्ये अनुभव गाठीशी असेल. स्टाफरूममध्ये पुस्तकाचं विचारलं. म्हटलं, माझा सहभाग होता.

२४ ऑगस्ट
शाळेच्या वाचनालयात पुस्तक आलं. मोठ्या बाईंनी पाचवीला वाचून दाखवायचं काम मलाच दिलं, तुमचा सहभाग आहे ना म्हणून.
चित्रं चांगली आहेत. खूप चांगली आहेत. शेवटच्या दोन पानांवर ती बाहेर येते, पंख पुरे पसरलेले, चोचीला माती. डोळ्याभोवती पांढरी कातडी. आणि खाली झाडाशी एक छोटा माणूस. टोपी घातलेला, तिच्याकडे पाठ, हातातल्या मोबाइलला तोंड उघडून काहीतरी सांगतोय. चौकड्यांचा शर्ट माझाच.
पुस्तक मिटायला गेलो, पोरांनी मिटू दिलं नाही. समीक्षा नावाची एक मुलगी पुढे येऊन बोट ठेवून म्हणाली, सर, ह्यो काका मागं का बघत न्हाय?
म्हटलं, कामात असेल.
तिने विचारलं, कसल्या?
अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला. तास संपायला अजून बराच वेळ होता.