गच्चीवरचा संयमवर्ग

२ ऑगस्ट, सकाळी

आजपासून रोज लिहिणार. मुद्देसूद. रडगाणे नाही.

ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. पोटाचा मोठा भाग कापून टाकला. उरलेली पिशवी केळ्याएवढी आहे. हे हॉस्पिटलला माहीत आणि माझ्या नवऱ्याला, ठाकोरना माहीत. बिल्डिंगला हर्निया सांगितला आहे. हर्निया कोणालाही होतो. पोट कापून घेतले म्हटले की लोक विचारणार, तोंड आवरता आले नाही का. मी मुलींच्या शाळेची प्रिन्सिपॉल होते. असले प्रश्न मी विचारते, ऐकून घेत नाही.

हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ कृपाली नावाची एक पोरगी आहे. तिने बाळाला भरवायचा चमचा हातात दिला. घासाचे पाणी होईपर्यंत चावायचे. जेवताना पाणी प्यायचे नाही. गोड नाही, तळलेले नाही, रोज चालायचे. आणि प्रत्येक वाक्यात आंटी. सुरतेत मला सगळे विद्युतबेन म्हणतात. मी तिला सांगितले, पचनसंस्था मी फळ्यावर काढत होते तेव्हा तुझ्या आईचे लग्न झाले नव्हते. ती म्हणाली, हो आंटी, पण चमचा हाच वापरा.

चमचा कपाटात ठेवला आहे.

५ ऑगस्ट

प्रोटीन पावडर. चव ओल्या खडूची.

ठाकोर सवयीप्रमाणे हरभऱ्याच्या डाळीचा मऊ, वाफवलेला लोचो घेऊन आले. वर शेव, कांदा, तेल. वास थेट देवघरापर्यंत. मी म्हणाले, या घरात हे पुन्हा येता कामा नये. त्यांनी पुडा उचलला, खाली गेले, स्कूटरवर बसून खाल्ला. खिडकीतून सगळे दिसत होते. लग्न झाल्यापासून आम्ही एका पुड्यात खात आलो. माझा वाटा त्यांनी परत वर आणला नाही. यावरून माणूस ओळखावा.

११ ऑगस्ट

लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या भानुबेन भेटल्या. पूर्वी आम्ही दोघी एका वेळी लिफ्टने जात नसू, लिफ्ट कुरकुरायची. आज गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, बेन, हर्नियात एवढं वजन जातं? मग मलाही एखादा मिळवून द्या ना कुठूनतरी.

मी एका शब्दात उत्तर दिले. संयम.

यात खोटे काही नाही. डॉक्टरांनी फक्त पिशवी लहान केली. ती भरायची की नाही, हे माणूस ठरवतो. वजन मी कमी केले आहे.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनानंतर बायकांनी मला घेरले. भानुबेनने सगळीकडे सांगून ठेवले होते. आम्हालाही शिकवा म्हणाल्या. आज सहा वाजता गच्चीवर पहिला वर्ग. उशीर चालणार नाही असे सांगितले होते. कोणी उशीर केला नाही.

मी एक टाळी वाजवली आणि बोलणे बंद. सगळ्यांचे. निवृत्त झाल्यापासून माझ्या सांगण्यावरून घरातला पंखासुद्धा कोणी बंद केलेला नाही. मुलगा फोनवर हो हो म्हणतो आणि मागे टीव्ही चालू असतो. ठाकोरना ऐकू येते, पण पोचत नाही. आज एका टाळीत गच्ची गप्प झाली.

नियम दिले. घास चावून. तीन चमचे भात, तीन चमचे डाळ, बस. मी एवढेच खाते, जिवंत आहे. गच्चीला फेऱ्या. मी खुर्चीवर बसते. निरीक्षण करायला कोणीतरी स्थिर असावे लागते.

संध्याकाळी उगाच बरे वाटत होते. गोळी बदलली म्हणून असेल.

२३ ऑगस्ट

पाऊस. वर्ग जिन्यात घेतला. पहिल्या मजल्यावरच्या दमयंतीबेन सर्वांत प्रामाणिक. भिडस्त बाई. मुलाच्या लग्नाआधी बारीक व्हायचे आहे. मी सांगितलेले सगळे मान डोलावून ऐकतात.

दुपारी ठाकोरनी तळलेला, तिखट सरसिया खाजा आणला. या दिवसांत सुरतेत खाजा नसलेले घर म्हणजे सुतक असलेले घर. मिरी, वर लिंबू. मी तीनचार खाल्ले. खाजा म्हणजे मुख्यतः हवा. तोंडात विरघळतो.

कृपालीने फोनवर खोदून खोदून विचारले म्हणून सांगितले. ती म्हणाली, आंटी, भात पोटात अडतो, असलं कुरकुरीत सरळ खाली घसरतं, म्हणून तर ते जास्त खाल्लं जातं. मी म्हणाले, माझा मुद्दा हाच आहे. जे थांबत नाही ते मोजायचे कशाला? त्यावर ती गप्प बसली. पटले असावे.

३ सप्टेंबर

वजनकाटा बिघडला आहे. तीन आठवडे एकच आकडा. ठाकोरना म्हणाले, दुसरा आणा. त्यांनी आणला. तोही बिघडलेला. हल्ली कोणत्याही वस्तूत दर्जा उरला नाही.

हॉस्पिटलच्या काट्यावर थोडे जास्तच भरले. साडी जड होती.

१२ सप्टेंबर

वर्गात आज संताप आला. भानुबेन उघड सांगतात की तीन चमचे खाल्ल्यावर त्यांना नवरा ढोकळ्यासारखा दिसू लागतो. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दुसरीने कबूल केले की दुपारी तिने बिस्किटाचा पुडा संपवला. तिसरीने देवापुढचा प्रसाद.

मी त्यांना चांगले फैलावर घेतले. म्हणाले, भूक पोटात नसते, मनात असते. तुमच्याकडे निर्धार नाही. मी पण इथलीच, ह्याच गावचे खाऊन वाढले; मला जमते ते तुम्हाला का जमू नये? दमयंतीबेनने पदराने डोळे पुसले. त्यांचे वजन आठ दिवसांत काहीच कमी झाले नव्हते आणि जिन्यात त्यांना चक्कर आली होती. म्हणाल्या, चुकलं, बेन. मी म्हणाले, चूक कळली की अर्धे काम झाले.

ठाकोर गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालत होते. घरी आल्यावर जोडे काढता काढता म्हणाले,

"त्यांची पोटं आख्खी आहेत, विद्युत."

मी म्हणाले, बाजारात कापडाची दलाली करण्यात आयुष्य गेले त्या माणसाने मला शिकवू नये.

ते म्हणाले, मी शिकवत नाही. ती बाई पडेल एक दिवस. सांगून टाक.

सांगून टाकले तर उद्या सहा वाजता गच्चीवर कोण येईल? हे त्यांना सुचत नाही.

२६ सप्टेंबर

नवरात्र. पार्किंगमध्ये गरबा. कृपाली म्हणाली होती, गरबा करा आंटी, उत्तम व्यायाम. मी दोन फेऱ्या घेतल्या. वर्गातल्या बायका टाळ्या वाजवत बाजूला झाल्या. फेऱ्यांनंतर उपवासाचा बटाट्याचा चिवडा. उपवासाचे खाणे हे तत्त्वतः खाणे नव्हे.

२ ऑक्टोबर

दसरा. फाफडा-जलेबी. एकच जलेबी घेतली, तीही लहान. थोड्या वेळाने छाती धडधडू लागली, अंगाला दरदरून घाम, मग बाथरूम. दुपारभर आडवी.

फाफड्यात सोडा जास्त होता. त्या दुकानदाराला जाऊन सांगणार आहे.

ठाकोर हॉस्पिटलला फोन लावून बसले. कृपालीने मला फोनवर बोलावून घेतले. म्हणे, साखर आता पोटात थांबत नाही, सगळी एकदम आतड्यात उतरते, म्हणून असं होतं. मग विनवणीच्या सुरात, आंटी, चंदनी पडवो येतोय. घारी नको, प्लीज.

पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री, सगळे शहर गच्चीवर बसून तुपात माखलेली माव्याची घारी खाते, आणि सुरतेत राहून ही मुलगी असे बोलते. बिल्डिंगची घारी कोणत्या दुकानातून यायची, हे कित्येक वर्षे मी ठरवत आले आहे. मला विचारल्याशिवाय इथे मावासुद्धा कोणी विकत घेत नाही. चाखणे आणि खाणे यातला फरक तिला अभ्यासक्रमात शिकवलेला नाही.

५ ऑक्टोबर

चार दुकानांच्या घाऱ्या चाखल्या. निर्णय दिला. शरीराने काहीही तक्रार केली नाही, म्हणजे विशेष नाही. झोपून काढले.

वर्गात भानुबेनने टोमणा मारला. बेन, आम्हाला पडव्याला घारी दाखवणार तरी आहात का, की फोटोच? बायका खिदळल्या. मी जागच्या जागी ठरवले. पडव्याला गच्चीवर सगळी बिल्डिंग बसते, तिथेच संयमाचे प्रात्यक्षिक. वर्गातली प्रत्येकजण पाव घारी घेईल, चावून खाईल आणि उरलेली खाली ठेवेल. सगळ्यांच्या देखत. सुरुवात मी करेन.

शहरात असे कोणी केले नसेल.

७ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच

चंदनी पडवो. तयारी पूर्ण. सतरंज्या अंथरल्या. भूसूचे, म्हणजे चिवडा-फरसाणाचे, डबे दुसऱ्या टोकाला ठेवायला लावले; चिवडा जवळ असला की हात शिवशिवतात. भाषणाचे मुद्दे पाठ आहेत. ठाकोर सकाळपासून माझ्या मागे मागे फिरत आहेत. दोनदा म्हणाले, तोंडाला फक्त लाव. मी त्यांना खुर्च्या मोजायला पाठवले.

पाव घारी. पावच.

८ ऑक्टोबर, हॉस्पिटल

सलाईन. हात दुखतो, अक्षर खराब.

चूक दुकानदाराची आहे. वरचा तुपाचा थर नेहमीपेक्षा जाड होता.

भाषण चांगले झाले. पाव घारी मी चावून खाल्ली, बाकीची खाली ठेवली. टाळ्या. मग भानुबेन म्हणाल्या, यंदा वेलची कमी आहे. निवड माझी. अशा वेळी पुन्हा चाखल्याशिवाय उत्तर देणे बेजबाबदारपणाचे. दुसरा पाव घेतला. वेलची बरोबर होती. पिस्त्याबद्दल कोणीतरी काहीतरी म्हणाले. पुढचे नीट आठवत नाही, पण जे केले ते तपासणीसाठी.

मग घाम. चंद्र दोन दिसू लागले. मी दमयंतीबेनच्या मांडीवर पडले. बायकांना वाटले, बिचारी संयमाने उपाशी आहे, साखर उतरली. भानुबेन साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या आणि माझ्या तोंडाला लावला. ठाकोरनी तो हाताने उडवला. लग्नानंतर त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला.

"साखर देऊ नका तिला! हर्निया नाही हो, पोट कापलंय तिचं. वजनासाठी कापलंय."

सगळी बिल्डिंग होती. लहान मुलांसकट.

टाळी वाजवल्यावर होते तशी शांतता. दमयंतीबेन मला पदराने वारा घालत होत्या. तो हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाल्या,

"तीन चमचे खाऊन मी रोज रडत होते, बेन. मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे."

यावर माझ्याकडे उत्तर आहे. सलाईन निघाल्यावर लिहीन.

११ ऑक्टोबर

काल घरी सोडले. आज सहाला गच्चीवर गेले. स्पष्टीकरणाचे मुद्दे तयार होते. पिशवी आणि निर्धार यांतला फरक.

कोणी नव्हते. टाळी वाजवून पाहिली. कबुतरे उडाली.

भानुबेन थोड्या वेळाने वर आल्या. वर्गासाठी नव्हे. त्यांना आणि आणखी चौघींना माझ्या सर्जनचा नंबर हवा होता. मी म्हणाले, त्यासाठी आधी निर्धार लागतो. त्या म्हणाल्या, हो हो, तो पण बघू, आधी नंबर द्या. दिला. दमयंतीबेनचे विचारले. म्हणाल्या, त्या आता पोटभर जेवतात, तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. बोलतच नाहीत.

उत्तर अजून लिहिलेले नाही.

ठाकोरवर रागावले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, घाबरलो होतो ग.

१४ ऑक्टोबर

कृपालीचा फोन. शनिवारी ऑपरेशन झालेल्या सगळ्यांची सभा असते. आंटी, तुम्ही येऊन तुमचा अनुभव सांगाल का?

शेवटी किंमत कळली. बिल्डिंगला नसेल, वैद्यकीय क्षेत्राला आहे. भाषण नव्याने लिहिते आहे. ज्यांची पोटे माझ्यासारखीच आहेत त्यांना तरी निमित्त सापडणार नाही. एकदा लोक ऐकू लागले की दर शनिवारी घ्यावे लागेल. कडक बोलायचे ठरवले आहे.

१८ ऑक्टोबर

कांजीवरम नेसून गेले. ठाकोरनी रिक्षा थांबवून ठेवली.

व्यासपीठ नव्हते. गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या. भाषण पर्समध्ये होते. कृपाली मध्ये स्टुलावर बसली आणि म्हणाली, चला, एकेकाने सांगा, सकाळपासून काय खाल्लंत. खरं.

एक हिऱ्याचा व्यापारी म्हणाला, मूग. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, मूग. एक तरुण मुलगा, गालावर अजून तेल चमकते आहे, मुगाचे पाणी. मुलींची तोंडे वाचण्यात माझी नोकरी गेली. त्या गोलात एकही माणूस खरे बोलत नव्हता. माझा संताप अनावर झाला. अशा माणसांपुढे काय बोलायचे?

मग माझी पाळी आली.

मूग, मी म्हणाले.

कृपालीने मान वर केली. स्टुलावरून उठली, माझ्यापाशी आली, साडीच्या निऱ्यांतला शेवेचा तुकडा दोन बोटांनी उचलला आणि कागदाच्या रुमालात गुंडाळला. रागावली नाही. हसलीही नाही. जागेवर जाऊन बसली.

"पुढचे," म्हणाली.