अक्कानं ब्राह्मी उपटली

औराद, चैत्र वद्य पंचमी

दिवसभर कचेरीत उर्दू अर्ज लिहून घरी आलो, तर मोरीजवळची ब्राह्मी साफ गेलेली. अक्कानंच उपटली. "लई गवत माजलं होतं, काढून टाकले बघ," म्हणाली. कोपरापर्यंत चिखल, आणि चेहरा कसा खूश!

आई गेल्यावर या बहिणीनंच मला वाढवलं. आता तिला विसर पडायलाय. म्हणून हुमनाबादच्या वैद्यांकडून ब्राह्मीचे दोन तुकडे आणून लावले होते. ब्राह्मीला सदा ओल लागते, म्हणून मोरीपाशी. वर्षभरात हातरुमालाएवढी पसरली होती. रोज सकाळी पानांचा रस अक्काला द्यायचो. गुण येत होता का? कुणास ठाऊक. पण दुसरं काय होतं माझ्या हातात?

रागवू कुणावर? "बरं केलीस," म्हटलं, तिचे हात धुतले. नखांतला चिखल काही निघेना.

मग हिरवी राहिलेली कांडी वेचून पुन्हा ओल्यात दाबू लागलो. पेरापेराला मुळं फुटतात, पण या उन्हात? अक्का येऊन उभी राहिली.

"काय लावायलाव तुमी?"

जन्मात कधी मला तुमी म्हणाली नव्हती.

"ब्राह्मी. आठवण राहावी म्हणून हिचा रस घेतात."

"रस काढून द्यायला घरी कोण हाय का तुमच्या?"

"हाय की. माझी अक्का हाय."

"मग काळजी न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

उरलेली कांडी दाबली आणि वर तांब्याभर पाणी घातलं.