आपल्या शाळेतली गेलेली मुलं

बाई, परवा शाळेत गेलेल्या मुलांसाठी कार्यक्रम झाला. गेलेली म्हणजे वारलेली, आपल्याच वसतिगृहात वाढलेली. माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, मुख्याध्यापकांनी हो म्हटलं आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुमच्या खोलीत आता मी राहते, तुमच्याच जागेवर अधीक्षिका म्हणून. प्रार्थनेच्या हॉलमध्ये टेबलावर फोटो मांडले होते. कुणाचा मोबाइलमधून मोठा करून काढलेला, कुणाचा लग्नातला, मुंडावळ्यांसकट. चाळिशी कुणीच गाठलेली नव्हती. कबड्डीत ज्याला कुणी धरू शकायचं नाही तो आपला मुलगा तुम्हाला आठवत असेल. तो लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा. रोज दारू प्यायला लागला. शेवटी पाय सुजून खांबासारखे झाले होते. दवाखान्यात मी भेटायला गेले तर म्हणाला, "शाळंतलं सांग कायतरी, दुसरं नको." मी सांगत बसले, तो डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या बायकोला मी कार्यक्रमाचं बोलावणं धाडलं. ती आली नाही.

पण मला लिहायचं आहे ते माझ्या मैत्रिणीबद्दल, वडिवळ्याच्या धरणापलीकडच्या वाडीवरच्या. पहिल्याच वर्षी ती वसतिगृहातून पळाली होती. थंडीचे दिवस, अंगात नुसता फ्रॉक, आणि ही एकटी डोंगर चढून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला हाताला धरून परत घेऊन आली. मला ते अजून दिसतं. ती आईच्या लुगड्याचा सोगा सोडत नाही, आई एकेक बोट सोडवते आहे, आणि आम्ही मुली दारात उभ्या राहून हसतो आहोत. तुम्ही आतून आलात. "हसताय काय? तुम्ही काय कमी रडलात?" म्हणून आमच्यावर कडाडलात आणि तिला उचलून स्वयंपाकघरात नेलंत. चुलीपुढे पाटावर बसवून तव्यावरची तांदळाची भाकरी तिच्या हातात दिलीत. स्वतःचा हिरवा स्वेटर तिच्या अंगात घातलात, तो तिच्या गुडघ्याखाली गेला. मग तिच्या आईला म्हणालात, "रडू दे तिला. एकदा शिकली की तुमच्यासारखं उन्हात राबावं लागणार नाही." आईनं तुमच्या पायाला हात लावला आणि मागं वळून न बघता निघून गेली.

ती शिकली, बाई. बारावी झाली. तुम्ही गेल्यावर नोकरीसाठी तळेगावच्या कंपन्यांच्या दारात उभी राहिली. थोडे महिने ठेकेदाराकडून काम मिळायचं, मग घरी बसवायचे. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा सोडून गेला. मग ती रस्त्याच्या कामावर जायला लागली. उर्स्याच्या टोलनाक्याच्या अलीकडे, एक्सप्रेसवेच्या मधल्या दुभाजकातलं गवत कापायचं. भर उन्हात, अंगात नारिंगी जाकीट, दोन्ही बाजूंनी गाड्या. मी एकदा एसटीनं जाताना तिला पाहिलं. मी खिडकीतून हाक मारली, पण तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पुढे तिथंच एक गाडी ताबा सुटून दुभाजकावर चढली. गाडीवाला सापडला नाही. वडगावला तिला ओळखायला मी गेले होते.

कार्यक्रमात मी हे काहीच बोलले नाही. ती हुशार होती, तिचं अक्षर सुंदर होतं, ती सगळ्यांना सांभाळून घ्यायची, असं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी तिची आई माझ्याजवळ आली. आता फार वाकली आहे. म्हणाली, "येक इचारू का गं?"

"विचारा ना, मावशी."

"ती त्या वक्ताला पळून आलती, तवा मी तिला ठिऊन घेतली असती तर? माज्यासंगं रानात ऱ्हायली असती. बकरी राखली असती. जिती असती का न्हाई?"

मी म्हटलं, "असं नसतं हो, मावशी."

"मंग कसं असतं?" ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमची बाई म्हनली व्हती, उन्हात राबायला लागनार न्हाई. लय चांगली बाई. खोटं कशाला बोलंल? मी म्हनलं खरंच असंल." आणि ती माझ्या हातावर हात ठेवून उभी राहिली. मी चहा घ्या म्हणाले.

काल मी नव्या मुली आणायला वाड्यांवर गेले होते. दर वर्षी जाते आणि तुम्ही जे सांगायचात तेच दारोदार सांगते. काल एका घरी ते सांगायला गेले. दारात एक बाई धाकटं मूल कडेवर घेऊन उभी. म्हणाली, "शिकून काय व्हईल पोरीचं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिनं विचारलं, "दोन टायमाला जेवाण मिळतं न्हवं?" मी म्हटलं, "मिळतं." "मंग घिऊन जावा," ती म्हणाली, आणि मुलीची पिशवी भरायला आत गेली. ती मुलगी आत्ता शेजारच्या खोलीत झोपली आहे. वाटेत रडली नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तुमच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही दोघी मैत्रिणी भेटायला आलो होतो. तिनं बारावीचा पेढा तुमच्या ओठांना लावला आणि तुम्ही सारख्या म्हणत होतात, "झालं, माझ्या पोरी मार्गी लागल्या." त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. मी फार रडले होते तेव्हा. परवा त्या फोटोंपुढे उभी असताना मात्र, बाई, तुम्ही हयात नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.