लग्नात झाकलेली गटार

आबा, तुम्हाला लिहायचं म्हणून पावसाळा लागल्यापासून कागद घेऊन बसतोय आणि उठतोय. मध्येच एरंडोलला मित्राच्या टपरीवर गेलो, तिथून धुळ्याला गॅरेजात, दोन्हीकडे मन लागलं नाही, ते जाऊ द्या. आईला कावीळ झाली म्हणून पिंप्राळ्याला परत आलो आणि तेव्हापासून डोकं नुसतं तापलंय, तेही तुमच्यावर.

ताईच्या हळदीच्या मांडवाला जागा पुरेना म्हणून तुम्ही दारापुढच्या गटारीवर स्लॅब टाकला, पाण्यासाठी खाली वीतभर तोंडाचा पाइप. मांडव निघाला की फोडू म्हणालात, आणि फोडायचं सोडून वर फरशीच्या तुकड्यांनी 'सुस्वागतम्' लिहिलंत. मग गल्लीत ज्याच्या घरी लग्न निघालं त्याने तेच केलं. पोरी नांदायला गेल्या, स्लॅब राहिले. आणि लहानपणी मी गटारीत कुरकुऱ्याचं पाकीट टाकलं तर कान कोणी पिळला होता? "पाणी कुठं जातं ते बघ," म्हणत तुम्ही मला उन्हात नाल्यापर्यंत चालवत नेलं होतं. मी तिथं खेकडे बघत बसलो, ते सोडा. पण तुम्हाला सगळं कळत होतं, याचाच राग येतो.

आता वरची कपाशीची शेतं जाऊन कॉलन्या झाल्यात. मातीत मुरायचं ते पाणी रस्त्याने धावत येतं, आपल्या पाइपाशी तुंबतं आणि संडासाची घाण घेऊन उतारावरच्या नानांच्या अंगणात शिरतं. तुम्ही दोघांनी मिळून पाडलेला बोअर तिथंच. म्हणजे आपण ढकललेलं पाणी नळीने परत आपल्याच माठात. विकतचा जार आणला तर आई म्हणते, तुझ्या आबांनी पाडलेला बोअर आहे, मला त्याचंच पाणी दे. डॉक्टरांनी किती सांगावं तिला! नानांनी तुमच्याशी बोलणं तोडलं, पण आपली नळी तोडली नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं पानी मना घरमा येस. तुना बापले तवयच सांगेल व्हतं." सगळं पाणी आपल्या घरात येणार, हे तुम्हाला तेव्हाच बजावलं होतं म्हणे.

महापालिकेचा माणूस म्हणतो आधी स्लॅब काढा, मग गटार उपसू. गल्ली म्हणते ज्याने पहिला टाकला त्याने पहिला काढावा. आई रोज संध्याकाळी त्याच स्लॅबवर खुर्ची टाकून बसते. फोडू का, असं तिला विचारलं, तर खाली वाकून फरशीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "काय करायचं ते कर. मला दाखवू नको."

सकाळी घण मागून आणला. तो 'सुस्वागतम्'वर आडवा पडलाय आणि मी शेजारी बसून हे लिहितोय. टाकणार कुठं, तुमचा पत्ता कोणाला माहीत? खरं सांगू, एवढा राग आहे तरी घण उचलवत नाही.

थांबा, समोर कोणीतरी उभं राहिलंय. नाना. तुमची तिरडी निघाली तेव्हासुद्धा ते गल्लीच्या टोकालाच थांबले होते, दारात आले नव्हते. खांद्यावर पहार आहे. आई दारातून त्यांच्याकडे बघत होती. मग आत गेली, आणि आता चहाचं भांडं वाजतंय.